नाकापासून मेंदूपर्यंतची वाट

मानसशास्त्राच्या आमच्या पुस्तकात 'संवेदन' नावाचे प्रकरण आहे. त्यात डोळ्याला भरपूर पाने दिली आहेत, कानालाही बरीच दिली आहेत, आणि नाकाची बोळवण अर्ध्या पानात केली आहे. वर्गात तर तेवढाही वेळ मिळाला नाही. "हे घरी वाचा" असे सांगून सर पुढच्या प्रकरणाकडे वळले. सरांचा दोष नाही, अभ्यासक्रमच मोठा आहे. पण मला तो नाकावर अन्याय वाटला. आपली मराठी तरी नाकाला इतकी कमी लेखत नाही. खमंग, खवट, कुबट, करपट, आंबूस, उग्र, दरवळ, घमघमाट, अशी एकेका वासाची वेगळी नोंद भाषेने ठेवली आहे. मी खोपटला राहते. सकाळी एस. टी. स्टँडवरून कॉलेजला येताना डिझेल, ओल्या गोणपाटाचा वास, वडे तळल्याचा वास आणि गटार ह्या चारही गोष्टी शंभर पावलांत भेटतात, आणि डोळे मिटले तरी मी कुठे आहे ते मला सांगता येईल. हे नाकाला कसे जमते, ह्याचा शोध घ्यायचे मी ठरवले. कला शाखेच्या विद्यार्थिनीने जीवशास्त्रात नाक का खुपसावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे येईलच.

प्रथम रचना पाहू. वास घेणारा भाग म्हणजे आपल्याला दिसते ते नाक नव्हे. तो बराच वर, दोन डोळ्यांच्या मधोमध, नाकपुडीच्या छताला असतो. दोन्ही बाजूंना टपालाच्या तिकिटाएवढा ओलसर अस्तराचा तुकडा, आणि त्यात कित्येक लाख चेतापेशी. प्रत्येक पेशीचे एक टोक हवेच्या बाजूला असते, त्याला बारीक केसांसारखे तंतू असतात. दुसऱ्या टोकाला एक लांब धागा निघतो, त्याला अक्षतंतू म्हणतात. ह्या धाग्यांच्या जुड्या वर जातात. तिथे कवटीचे एक पातळ हाड आहे, चाळणीसारखे भोके असलेले, आणि त्याचे इंग्रजी नावही 'चाळणी' ह्याच अर्थाचे आहे. त्या भोकांतून धागे कवटीत शिरतात आणि लगेच वर असलेल्या घ्राणकंदाला जाऊन भिडतात. घ्राणकंद म्हणजे मेंदूचाच पुढे आलेला भाग. एकूण प्रवास दोन-तीन बोटांचा. डोळ्याची किंवा कानाची बातमी मेंदूत अनेक ठिकाणी हात बदलत जाते; नाकाची बातमी अशी जवळजवळ थेट पोचते.

आता खरी गंमत. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी आपल्याला जन्मभर पुरवून वापराव्या लागतात, गेली ती गेली. नाकातल्या मात्र तशा नाहीत. त्या उघड्या हवेत बसलेल्या, धूळ, धूर, जंतू ह्यांचा मारा पहिल्यांदा त्यांच्यावर. त्यामुळे त्या झिजतात, मरतात, आणि अस्तराच्या तळाशी असलेल्या मूळ पेशींतून नव्या जन्मतात. उंदरांत हे एक-दोन महिन्यांत घडते, असे मानले जाते. १९७० च्या दशकात ग्राझियादेई ह्या शास्त्रज्ञाने हे प्रथम ठामपणे दाखवले, तेव्हा पुष्कळांना ते पचले नव्हते, कारण मोठ्या प्राण्यात नवी चेतापेशी होत नाही हा त्या वेळचा सिद्धान्त होता.

म्हणजे विचार करा. नवी पेशी जन्मली. तिने नवा धागा सोडला. तो धागा चाळणीतून वर गेला. वर हजारो ठिकाणे आहेत. त्यांतल्या नेमक्या आपल्या ठिकाणी त्याने जायचे, आणि तेही अशा घाईत, की जुनी पेशी गेल्याचे मालकाला कळूही नये. घरातली वीज चालू ठेवून तारा बदलण्यासारखेच हे आहे. तेही कोणी तारतंत्री नसताना.

हा प्रश्न माझ्या घरी पुस्तकाच्या आधी आला होता. आई मसाल्याच्या डंकावर कामाला आहे. भाजणे हे तिचे काम. मोठ्या कढईत धणे, खोबरे, दगडफूल, बादयान, मिरच्या वेगवेगळ्या भाजायच्या. मिरची किती तापली, खोबरे खमंग झाले की करपायला लागले, हे ती रंगावरून नव्हे, वासावरून ठरवी. गिऱ्हाइके आगरी मसाला सांगोत की मालवणी, ते तिच्या हातचा मागत. २०२१ साली दुसऱ्या लाटेत, मसाल्याचा हंगाम निम्म्यावर असताना, आम्ही सगळे आजारी पडलो. बाकीचे बरे झाले. आईही बरी झाली, पण तिचा वास गेला. एकदा तिने पूर्ण घाणा करपवला आणि तिला कळले नाही. शेजारच्या बाईने हात धरला तेव्हा कळले. मग तिला भाजण्यावरून काढून वजनकाट्यावर बसवले. मजुरी त्या दोन कामांची सारखी नसते. घरी तर त्याहून काळजी. गॅसला मुद्दाम घातलेला घाण वास आपल्याला गळती कळावी म्हणून असतो. आईला तो येत नव्हता. वडील रिक्षावर, मी शाळेत, आणि ती एकटी घरात. शेगडीचे बटण बंद आहे का, हे ती रात्री चार-चार वेळा उठून हाताने चाचपत असे.

पाच महिन्यांनी वास यायला लागला आणि आम्हाला आनंद झाला. पण आला तो चुकीचा आला. भाजलेल्या धण्यांना तिला जळक्या रबराचा वास येई. कांदा तर तिला नासल्यासारखा. मी म्हटले, डॉक्टरला दाखवू. डॉक्टरांनी लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरीचे तेल रोज दोनदा, एकेक करून, लक्ष देऊन हुंगायला सांगितले. आई म्हणाली, "ह्यासाठी एवढी फी?" पण तिने ते केले. हा उपाय जर्मनीतल्या थॉमस हमेल ह्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीतला आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. त्या चार वासांची यादीही त्यांचीच.

आईला मी जे समजावू शकते तेच मला समजले, असे मी धरते. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे ही परीक्षा रोज होते. तेव्हा पुढचे त्याच रीतीने सांगते.

१९९१ साली अमेरिकेत लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल ह्यांनी उंदीरवर्गीय प्राण्यांत वासाचे ग्राही, म्हणजे वासाचे कण पकडणारी प्रथिने, बनवणाऱ्या जनुकांचे मोठे कुटुंब शोधून काढले. त्यांना त्याबद्दल २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. उंदरात अशी सुमारे हजार जनुके, माणसात चालू स्थितीत सुमारे चारशे. पुढे असे दिसून आले, की एक पेशी ह्या सगळ्यांतून जवळजवळ एकच ग्राही निवडते. म्हणजे प्रत्येक पेशी एका ठराविक गटाच्या कणांनाच ओळखते. एखादा वास म्हणजे एक पेशी नव्हे, तर अनेक प्रकारच्या पेशींनी मिळून वाजवलेली सुरावट. जळक्या खोबऱ्यात एकाच वेळी अनेक कण असतात आणि अनेक ग्राही हलतात.

त्याहून आश्चर्य पुढे. सारख्या ग्राहीच्या पेशी नाकात इकडे-तिकडे विखुरलेल्या असतात, पण त्यांचे धागे घ्राणकंदात एकाच ठिकाणी येऊन गुंफतात. ह्या गुंफलेल्या गोळ्याला ग्लोमेरुलस म्हणतात. मी त्याला गुच्छ म्हणेन. उंदराच्या एका घ्राणकंदात असे सुमारे दोन हजार गुच्छ असतात आणि एका ग्राहीला साधारण दोन गुच्छ, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. गुच्छातून पुढे बातमी नेणाऱ्या पेशी वेगळ्या; त्यांना मायट्रल म्हणतात, कारण त्यांचा आकार ख्रिस्ती बिशपच्या टोपीसारखा. ही टोपी ठाण्याच्या चर्चमध्ये पाहिलेल्या मैत्रिणीने मला वहीत काढून दाखवली, तेव्हा नाव लक्षात राहिले.

हे डोळ्यांनी दिसले ते १९९६ साली, मॉम्बर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगात. त्यांनी उंदराच्या एका ग्राहीच्या जनुकाला अशी खूण जोडली, की त्या पेशी आणि त्यांचे धागे निळे रंगावेत. निळे धागे नाकात सगळीकडे, आणि वर जाऊन नेमके एका बिंदूवर. मग त्यांनी त्या जागी दुसरे ग्राही-जनुक घातले. धागे जुन्या ठिकाणी गेले नाहीत. पण दुसऱ्या ग्राहीच्या नेहमीच्या ठिकाणीही गेले नाहीत, तिसरीकडेच गेले. ह्याचा अर्थ, ग्राही फक्त वास पकडत नाही, तो पत्ता ठरवण्यातही भाग घेतो, मात्र एकट्याने ठरवत नाही.

हे ऐकून मला मुंबईचे डबेवाले आठवले. सकाळी हजारो डबे गोळा होतात, झाकणावर रंगाची आणि अक्षरांची खूण असते, आणि ठिकाणी पोचायच्या आधीच स्टेशनांवर ते वेगवेगळे लावले जातात. नाकातही तसेच. जपानच्या हितोशी साकानो ह्यांच्या गटाने दाखवले, की धागे घ्राणकंदाला पोचण्याआधीच, वाटेतल्या जुडीतच, आपापसांत वर्गवारी करून घेतात. ती अशी. ग्राही वास नसतानाही पेशीत थोडा संदेश चालू ठेवतो, कोणाचा जास्त, कोणाचा कमी. त्या प्रमाणात पेशी आपल्या धाग्याच्या पृष्ठभागावर काही प्रथिने कमी-अधिक लावते. जास्त प्रमाण असलेले धागे एका बाजूला, कमी असलेले दुसऱ्या बाजूला सरकतात, कारण एकमेकांना दूर ढकलणारे रेणूही त्यांच्यावर असतात. पुढची-मागची बाजू अशी ठरते. वर-खाली कोणते हे नाकात पेशी कुठे बसली ह्यावर अवलंबून असते. वरच्या भागातले धागे आधी निघतात, आधी पोचतात, आणि उशिरा येणाऱ्यांना आपल्या जागेतून हटवणारा रेणू सोडून ठेवतात. शेवटचे घट्ट गुंफणे मात्र पेशी किती चालतात त्यावर होते. सारखे चालणारे धागे एकमेकांना चिकटणारी प्रथिने सारखीच ठेवतात आणि एकत्र येतात. डबेवाल्यांच्या उपमेत एवढाच फरक, की इथे झाकणावर खूण नाही. डब्यातल्या भाजीनेच पत्ता ठरवलेला असतो.

ह्या शास्त्राचे एक मोठे दालन आपल्या जवळच आहे, आणि आपल्या वार्षिकांकांत त्याची आठवण फारशी होत नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांनी १९६२ साली ओबेद सिद्दीकी ह्यांना बोलावून रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू करवला. सिद्दीकी तोवर जिवाणूंच्या जनुकशास्त्रात प्रसिद्ध होते. पुढे ते फळमाशीकडे वळले. हीच ती पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारी बारीक माशी, जिला आपण हाताने हाकलतो. १९७० च्या दशकात त्यांच्याकडे व्हेरोनिका रॉड्रिग्ज आल्या. केनियात जन्मलेल्या, मूळ गोव्याच्या कुटुंबातल्या, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकलेल्या. सिद्दीकींचे काम वाचून त्या मुंबईला आल्या. परदेशात शिकायला जाणाऱ्यांची गर्दी असताना परदेशातून इथे शिकायला येणारी मुलगी, ह्याचे मला फार कौतुक वाटले.

१९७८ साली दोघांनी वासाच्या बाबतीत बिघाड असलेल्या माश्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पद्धत सोपी आणि हुशार. इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराची नळी घ्यायची, एका फाट्यात वास, दुसऱ्यात साधी हवा, आणि माश्या कुठे जातात ते मोजायचे. ज्या माश्यांच्या जनुकांत बदल केला होता, त्यांतल्या काही ठराविक वासाला ओळखेनात, आणि बाकीच्या वासांना ओळखत. म्हणजे वासाचे मार्ग वेगवेगळे असतात, आणि ते जनुकांवरून पकडता येतात, हे बक-ॲक्सेलच्या शोधाच्या तेरा वर्षे आधी मुंबईत दिसले. १९८८ साली रॉड्रिग्ज ह्यांनी किरणोत्सर्गी साखरेसारखा पदार्थ वापरून माशीच्या मेंदूचे चित्र काढले. जो भाग काम करतो तो साखर जास्त खातो. निरनिराळ्या वासांना निरनिराळे गुच्छ उजळले. एवढ्याशा मेंदूत वासाचा नकाशा!

आमच्या विषयाला अगदी जवळचे त्यांचे काम त्यानंतरचे. माशीच्या शृंगिकेतल्या वासाच्या पेशी सगळ्या एकाच वेळी तयार होत नाहीत, वेगवेगळ्या जनुकांच्या हुकमाने वेगवेगळ्या तुकड्या होतात. २००२ साली त्यांच्या मुंबईच्या प्रयोगशाळेने असे दाखवले, की 'एटोनल' नावाच्या जनुकाच्या तुकडीचे धागे मेंदूत आधी जातात आणि पुढच्यांसाठी वाट तयार करतात. ती तुकडीच नाहीशी केली, तर उरलेल्यांचे धागे नीट आत शिरत नाहीत आणि गुच्छ नीट बनत नाहीत. शेतात पहिला माणूस चालला की पायवाट पडते, मागचे तिच्यावरून जातात, तसे. गंमत अशी, की माशीचा ग्राही पत्ता ठरवत नाही. तो काढून टाकला तरी धागा योग्य ठिकाणी पोचतो. उंदरात मात्र ग्राहीचा हात आहे. एकच काम दोन प्राण्यांत दोन रीतींनी, आणि शेवट सारखा. रॉड्रिग्ज २०१० साली कर्करोगाने गेल्या, सिद्दीकी २०१३ साली. बंगलोरची राष्ट्रीय जीवविज्ञान संस्था सिद्दीकींनीच उभी केली आणि रॉड्रिग्ज शेवटी तिकडे होत्या, म्हणून आता पुष्कळजण ह्या कामाला बंगलोरचे समजतात. सुरुवात मात्र कुलाब्याची आहे, एवढे मी ठाण्याच्या अभिमानाने सांगते. (कुलाबा ठाण्यात नाही, हे मला ठाऊक आहे.)

मध्येच एक बाजूची गोष्ट, कारण मला ती सगळ्यात अद्भुत वाटली. वयात येण्यासाठी आवश्यक असा संप्रेरक बनवणाऱ्या काही पेशी गर्भात मेंदूत जन्मत नाहीत, नाकात जन्मतात. मग त्या वासाच्या धाग्यांवरून चालत मेंदूत जातात. ते धागे पोचलेच नाहीत, तर त्या माणसाला वास येत नाही आणि तो आपणहून वयातही येत नाही. ह्याला काल्मान रोग म्हणतात, १९४४ साली फ्रान्झ काल्मान ह्यांनी ह्याचे वर्णन केले, आणि त्यास जबाबदार एक जनुक १९९१ साली सापडले. नाक आणि तारुण्य ह्यांचा संबंध कवींना आधीपासून ठाऊक असेल. शास्त्राने तो असा दाखवला.

आता मोठ्या माणसाच्या नाकाकडे. नवे धागे सतत येतात, तरी नकाशा का बिघडत नाही? ह्याचे एक उत्तर २०१४ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून आले. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत धागे स्वतः वाट शोधू शकतात, चूक असेल तर दुरुस्त करू शकतात. नंतर आलेले धागे मात्र बहुधा जुन्या धाग्यांना धरून जातात. जुने तिथे असले की नव्याला विचारावे लागत नाही. थोड्या पेशी मेल्या आणि बाकीच्या राहिल्या, तर नकाशा पूर्ववत होतो. पण सगळी जुडीच तुटली, तर नवे धागे वर पोचतात खरे, पण चुकीच्या गुच्छांत शिरतात, एका ऐवजी अनेक ठिकाणी पसरतात. उंदराची नस कापून हे पाहिले गेले आहे. माणसात डोक्याला जोराचा मार बसला, की चाळणीच्या भोकांशी हे धागे कापले जातात, आणि वास कायमचा जाण्याचे ते एक मोठे कारण आहे. हेल्मेट घालण्याचे हे कारण वाहतूक पोलीस कधी सांगत नाहीत.

कोविडचे थोडे वेगळे आहे. २०२० साली असे दिसून आले, की विषाणू ज्या प्रथिनाला धरतो ते वासाच्या चेतापेशींवर नसून त्यांच्या बाजूच्या आधार देणाऱ्या पेशींवर असते. म्हणजे घर पडले ते शेजाऱ्याचे, पण भिंत सामाईक. आधार गेला की चेतापेशी आजारी पडतात, काही मरतात. पुढे नवे धागे येताना काही चुकीच्या जागी जुळले किंवा काही प्रकारच्या पेशी उशिरा आल्या, तर ओळखीची सुरावट बिघडते, आणि धण्याला रबराचा वास येतो, असे पुष्कळ संशोधक मानतात. हे मी आईला सांगितले, तेव्हा तिने कढई उलथत असल्यासारखा हात फिरवला आणि म्हणाली, "म्हणजे माझे नाक बिघडले नव्हते, तार चुकीच्या घरात गेली होती." मला ह्याहून सोपे सांगता आले नसते. तिला आता बराचसा वास येतो. काट्यावरून ती परत कढईवर गेली. मिरची तिला अजून थोडी उग्र वाटते, म्हणून ती नवशिक्या बाईला एकदा हुंगायला लावते.

आपल्या राज्यात ह्यावर पुढे काम चालू झाले ते पुण्यात. तिथल्या आयसर संस्थेत उंदरांच्या घ्राणशक्तीवर काम करणारी निक्सन अब्राहम ह्यांची प्रयोगशाळा आहे. त्यांनी २०२० साली वासाची ताकद आकड्यांत मोजणारे यंत्र माणसांसाठी वापरले, आणि पुण्याच्या रुग्णांची तपासणी केली. वास दिला जातो, तो कळला का, दोन वासांतला फरक कळतो का, हे माणसाने उत्तर देऊन सांगायचे. त्यात असे आढळले, की कोणतेही लक्षण नसलेल्या आणि "मला वास नीट येतो" असे सांगणाऱ्या बाधितांपैकी बऱ्याच जणांचा वास मोजणीत कमी निघाला. पुढे लक्षणे असलेल्या आणि बऱ्या झालेल्या रुग्णांना वासांशी जोडलेले नवे काही शिकण्यातही अडचण आली. आईने सुरुवातीला दोन दिवस डंकावर हेच सांगितले होते, की सगळे नीट आहे.